हळदीच्या कंदकुजीवर नॅनो तांबे : पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी

‘नॅनो कॉपर आणलंय, पंपाला किती टाकू?’

जुलै लागला की असा एक तरी फोन येतो. विचारणारा बहुतेक वेळा नवा असतो. वडिलांकडून रान नुकतंच हातात आलेला मुलगा, किंवा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आणि प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलगी. दोघांनीही वाचलेलं असतं की चांदी-तांब्याचे अतिसूक्ष्म कण बुरशी मारतात. ते खरंच आहे, प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत मीही ते डोळ्यांनी पाहिलंय. पण ताटलीपासून रानापर्यंत मधे बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन गाळल्या तर पैसेही जातात आणि हळदही. माझं शिक्षण वनस्पती रोगशास्त्रातलं, आणि घरी हळद पिढ्यान्‌पिढ्या आहे. दोन्हीकडच्या अनुभवातून हे लिहितोय.

सगळं हळदीच्या कंदकुजीभोवती ठेवलंय, कारण सांगली-साताऱ्यापासून हिंगोली-नांदेडपर्यंत आपल्याकडच्या हळद पिकवणाऱ्यांची झोप उडवणारा रोग तोच आहे. आलं, मिरी, मिरची यांचं थोडक्यात शेवटाकडे.

पायरी १ : रोग कोणता ते आधी पक्कं करा

पानं पिवळी पडली म्हणजे कंदकूज असं नसतं. लोहाची कमतरता, साचलेलं पाणी, सूत्रकृमी, सगळ्यांनी पान पिवळं होतं. कंदकुजीत खालच्या पानांचे शेंडे आणि कडा आधी वाळतात, मग पिवळेपणा वर चढतो. असा एक फुटवा धरून हलक्या हाताने ओढा. निरोगी फुटवा हिसडा दिल्याशिवाय येत नाही. कुजलेला लोण्यातून सुरी निघावी तसा हातात येतो, आणि बुंध्याशी मातीलगतचा भाग तपकिरी, पाणचट, बोटाने दाबला तर चिरडणारा असतो. खालचा गड्डा उकरून चिमटीत दाबा. आतून घाण वासाचं पाणी आलं तर शंका उरत नाही. उकरताना अळ्याही बघा. कंदमाशीच्या पांढुरक्या अळ्या कुजलेल्या गड्ड्यात हमखास सापडतात, आणि अळी असेल तर नुसत्या बुरशीनाशकाने काम होत नाही.

हळदीत ही कूज मुख्यतः पिथियम करतो, काही ठिकाणी फ्युजारियमही असतो. हा फरक नावापुरता नाही. आपण पिथियमला सवयीने बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या घराण्यातला नाही. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, पिथियमच्या भित्तीत मुख्यतः सेल्युलोजसारखी द्रव्यं असतात. घराणंच वेगळं, म्हणून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फ्युजारियमवर चालतं आणि पिथियमवर चालत नाही. दुकानदाराने ‘बुरशीनाशक’ म्हणून दिलेली पुडी कामाला का आली नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. तांब्याचं मात्र तसं नाही, ते दोघांनाही मारक आहे.

पिथियमचा दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा. तो पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो. त्यांना दोन बारीक शेपट्या असतात, आणि मुळातून झिरपणाऱ्या साखरेच्या मागावर ते ओल्या मातीतून पोहत जातात. पाणी नसेल तर पोहणं नाही.

आल्यात अजून एक गोंधळ होतो. तिथे जिवाणूमुळेही झाड सुकतं, आणि जिवाणूवर बुरशीचे उपाय वाया जातात. ओळखायची सोपी रीत आहे. सुकलेल्या फुटव्याचा बुंध्याकडचा बोटभर तुकडा धारदार पात्याने कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात कापलेली बाजू खाली करून अलगद लटकवा. पेला हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूजन्य मर, म्हणजे रालस्टोनिया. धागा नसेल आणि पानं शेंड्याकडून पिवळी पडत आली असतील, तर पिथियमची मऊ कूज. ज्या घरात आलं आहे त्या घरातल्या प्रत्येकाला हे यायला हवं.

पायरी २ : पाणी आणि बेणं

इथे मी मुद्दाम थांबणार आहे. नॅनो शब्द ऐकून आलेल्या माणसाला निचऱ्याबद्दल ऐकायचं नसतं, हे मला माहीत आहे.

माझ्या पहिल्याच चाचणीत रानाच्या एका कडेला पाट तुंबला होता. सलग चार दिवस पाऊस झाला आणि त्या कडेच्या वाफ्यांत घोट्याएवढं पाणी उभं राहिलं. योगायोगाने तांब्याचे कण वापरलेले दोन तुकडे तिथेच होते. त्या दोन तुकड्यांत रान नुसतं सडलं. शंभर पावलांवर, उंचवट्यावरच्या तुकड्यात काहीच उपाय केला नव्हता आणि हळद कमरेएवढी उभी होती. त्या हंगामाची आकडेमोड मला करताच आली नाही.

म्हणून गादीवाफा करा, ठिबक असेल तर उत्तम, आणि वाफ्याच्या दोन्ही तोंडांना पाणी बाहेर काढायला मोकळी वाट ठेवा. काळ्या भारी जमिनीत हे नसेल तर पुढचं वाचू नका, आधी हे करा. त्याच रानात हळदीवर हळद किंवा हळदीवर आलं घेऊ नका, दोघांचा पिथियम एकच.

बेणं जेठ्या, म्हणजे मधल्या मुख्य गड्ड्यांचं घ्या. निरोगी रानातलं, टणक, कुठे मऊ न पडलेलं. शंका आली तर मधोमध चिरून बघा. आतला भाग एकसारखा पिवळा-केशरी हवा, करडा किंवा काळपट डाग दिसला तर ते बेणं बाजूला. एकरी साधारण दहा क्विंटल बेणं लागतं, त्यात दहा किलो सडकं मिसळलं तरी रोग रानभर पोचतो.

पायरी ३ : नॅनो म्हणजे काय, ते हिशोबाने समजून घ्या

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनोकण म्हणतात. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

लहान केल्याने काय साधतं? एक सेंटिमीटर बाजूचा तांब्याचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या सहा बाजू. तोच ठोकळा १० नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत चिरला, तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. आपल्या भाषेत जवळजवळ सहा गुंठे. धातू तेवढाच, पण बुरशीला भिडायला जागा सहा नखांएवढी होती ती सहा गुंठे झाली.

या पृष्ठभागावरून धातूचे आयन सुटतात. तांब्याचा किंवा चांदीचा आयन पेशीतल्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतो, विकरं बंद पाडतो, पेशीचं आवरण फाटतं, आणि आत क्रियाशील ऑक्सिजन वाढून पेशी आतल्या आत जळते. मारा एकाच जागी नसल्याने अशा धातूंना रोगाने सरावणं सोपं जात नाही.

तांब्याचा हा गुण जुनाच. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षबागांत मिलार्दे यांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं मिश्रण १८८५ मध्ये लोकांपुढे ठेवलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. नॅनोचा दावा एवढाच की तेच काम कमी तांब्यात होईल. हा दावा किती मोठा आहे ते आकड्यांत बघू. एक टक्का बोर्डोत लिटरला १० ग्रॅम मोरचूद जातो, त्यातलं शुद्ध तांबं सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे २,५०० पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम). ५० टक्के कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम घेतलं तर १,२५० पीपीएम. नॅनो तांब्याच्या चाचण्या सहसा काही दहा ते काही शे पीपीएमवर होतात. समजा १०० पीपीएमवर खरोखर तेवढंच काम झालं, तर कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या मानाने जमिनीत जाणारं तांबं बारा-तेरा पटीने घटेल. तांबं जमिनीतून निघून जात नाही, साचत राहतं. युरोपीय संघाने त्यामुळेच सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. या विषयात मला रस आहे तो या घटीसाठी.

पायरी ४ : चांदी, तांबं की जस्त?

प्रयोगशाळेत चांदी सगळ्यात सोपी. कण पटकन तयार होतात, रंगावरून कळतात, ताटलीत बुरशी चटकन थांबते. म्हणून विद्यार्थ्यांचे निम्मे प्रकल्प चांदीवर असतात. शिकायला चांदी जरूर घ्या. रानात मात्र चांदी टाकू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. पिकाला चांदीचा काही उपयोग नाही, मातीतल्या उपयोगी जिवाणूंना ती मारक आहे, आणि ओढ्या-विहिरीत उतरली तर पाण्यातल्या जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक ठरते. तांबं आणि जस्त ही निदान पिकाची सूक्ष्म अन्नद्रव्यं आहेत. रानातली चाचणी तांब्यावरच करा.

पायरी ५ : कायदा

हा भाग कोरडा आहे, पण वगळू नका. भारतात रोग-किडीवर म्हणून विकायचं कोणतंही औषध कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदलेलं असावं लागतं. बाटलीवर नोंदणी क्रमांक, विषाच्या तीव्रतेचा रंगीत चौकोन, पीक आणि रोगाचं नाव, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ छापलेला असतो. हे नसेल आणि बाटलीवर ‘सर्व बुरशींवर रामबाण’ असेल, तर ती परत ठेवा.

एक घोळ सगळीकडे दिसतो. २०२४ मध्ये द्रवरूप नॅनो जस्त आणि नॅनो तांबं यांना केंद्राने मान्यता दिली, पण ती खत म्हणून, खत नियंत्रण आदेशाखाली. तांब्याची कमतरता भरून काढायला ते वापरणं वेगळं आणि कंदकुजीवरचं औषध म्हणून वापरणं वेगळं. दुकानात हा फरक कुणी सांगत नाही. नॅनो कृषी निविष्ठा तपासायच्या कशा, याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये काढली आहेत, प्रकल्प करणाऱ्यांनी ती वाचावीत.

तेव्हा नोंद नसलेले कण वापरून बघायचे असतील, तर ती चाचणी कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली, ठरलेल्या छोट्या तुकड्यातच करा. त्या तुकड्यातली हळद बाजारात जाता कामा नये. सांगली भागात कसबे डिग्रजचं हळद संशोधन केंद्र आहे, मराठवाड्यात वसमतचं हरिद्रा केंद्र. देशपातळीवर कोझिकोडची भारतीय मसाला पिके संशोधन संस्था. आधी तिथल्या रोगशास्त्रज्ञांना भेटा.

पायरी ६ : कण तयार करणं आणि ओळखणं

हे प्रयोगशाळेत, मार्गदर्शकांसमोर. घरच्या मोरीत नाही.

शिकण्यासाठी चांदीची नेहमीची रीत : एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.१७ ग्रॅम. त्यात कडुनिंब किंवा तुळशीच्या पानांचा गाळलेला अर्क थोडा थोडा घालत ढवळा. पानातली द्रव्यं चांदीच्या आयनांचे कण करतात आणि त्यांना गुंडाळूनही ठेवतात. फिकट पिवळं पाणी हळूहळू चहासारखं तांबूस होतं. पहिल्यांदा ते बघताना हरखून जायला होतं, पण रंग म्हणजे पुरावा नाही. वर्णपटमापकावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान प्रकाशशोषणाचं शिखर दिसलं पाहिजे. आकार खरा कळतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत ठेवा आणि हातमोजे घाला, नाहीतर बोटांवरचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत.

तांबं अवघड आहे. हवा लागली की त्याचा ऑक्साईड होतो, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. म्हणून तांब्याच्या कणांना कायटोसानसारखं एखादं आवरण द्यावं लागतं. नव्या माणसाने रानासाठी तांब्याचे कण स्वतः करण्याच्या भानगडीत पडू नये. संस्थेकडून तपासलेले, आकार आणि तांब्याचं प्रमाण लिहून दिलेले कण मागून घ्यावेत.

आणि ‘१०० पीपीएम’ हा आकडा कुठून आला ते विचारा. बरेच जण गृहीत धरतात की टाकलेल्या सगळ्या क्षाराचे कण झाले. तसं होत नाही. उरलेले मोकळे आयन धुऊन काढले नाहीत, तर ताटलीत बुरशी मारणारे तेच असतात आणि श्रेय कणांना जातं. कण जोरात फिरवून खाली बसवायचे, धुवायचे, आणि धातू किती उरला ते उपकरणावर मोजायचं.

पायरी ७ : काचेच्या ताटलीतली परीक्षा

कुजलेल्या गड्ड्यातून रोगकारक वेगळा करताना सडका गाभा घेऊ नका, तिथे बाकीचे जिवाणूच जास्त. सडका आणि निरोगी भाग जिथे भेटतात त्या सीमेवरचा तुकडा घ्या.

माध्यम नेहमीचं बटाट्याचं : लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम अगार. ते निर्जंतुक झाल्यावर ४५ अंशांपर्यंत निवू द्या आणि मगच कण मिसळा. आधी मिसळून कुकरसारख्या वाफेत ठेवले तर कणांचे गोळे होतात. ताटल्या ओता, मधोमध पाच मिलिमीटरची बुरशीची टिकली ठेवा, २८ ते ३० अंशांवर ठेवा. पिथियम झपाट्याने वाढतो. साध्या ताटलीत तो दोन-तीन दिवसांत कडेला पोचतो, तेव्हाच बाकीच्या ताटल्या मोजा. रोखल्याची टक्केवारी : साध्या ताटलीतला व्यास वजा औषधाच्या ताटलीतला व्यास, भागिले साध्या ताटलीतला व्यास, गुणिले १००.

आता जे सगळ्यात जास्त गाळलं जातं ते. तुलनेच्या ताटल्या किमान चार हव्यात. एक नुसत्या माध्यमाची. एक ज्या अर्कात किंवा आवरणद्रव्यात कण आहेत त्याची, कण न घालता. एक बाजारातल्या नोंदणीकृत औषधाची. आणि चौथी, त्याच धातूच्या साध्या क्षाराची, धातू अगदी तेवढाच. नॅनो तांबं १०० पीपीएम असेल, तर मोरचूद लिटरला ३९३ मिलिग्रॅम, कारण मोरचुदात तांबं साधारण २५.४५ टक्के असतं. पदव्युत्तरच्या दिवसांत मी ही चौथी ताटली ठेवली नव्हती. मार्गदर्शकांनी निकाल बघितला आणि एवढंच विचारलं, ‘मोरचुदाने हेच झालं नसतं कशावरून?’ मला परत सहा आठवडे काम करावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी कणांची आघाडी पहिल्यापेक्षा बरीच कमी निघाली. खरा आकडा तो होता.

शेवटी, जिथे वाढ पूर्ण थांबली ती टिकली उचलून ताज्या साध्या माध्यमावर ठेवा. परत वाढली तर बुरशी मेली नव्हती, नुसती थांबली होती. रानात पाऊस कण धुऊन नेईल तेव्हा काय होणार, याचा अंदाज इथेच येतो.

पायरी ८ : तुमचं पाणी, तुमचं बेणं

ताटलीत शुद्ध पाणी असतं, विहिरीत क्षार असतात. आपल्याकडचं बरंच पाणी जड, त्यात कण एकमेकांना धरून तळाशी बसतात. दोन काचेचे पेले घ्या. एकात पावसाचं किंवा शुद्ध केलेलं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींत वापरायच्या मात्रेएवढे कण मिसळा, रात्रभर ठेवा. सकाळी खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा. कण तरंगत असतील तर प्रकाशाचा पट्टा पाण्यातून आरपार उजळलेला दिसतो. पट्टा विझलेला आणि तळाशी गाळ असेल, तर त्या पाण्यात नॅनो काही उरलेलं नाही.

मग बेण्यावर. प्रत्येक मात्रेसाठी डोळे असलेले वीस-वीस गड्डे, अर्धा तास बुडवून, सावलीत सुकवून, कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावा. शेजारी साध्या पाण्यात बुडवलेले वीस. उगवण आणि मुळांची लांबी बघा. तांबं जास्त झालं की मुळं आखूड, जाड, टोकाशी तपकिरी होतात. अशी मात्रा रानात न्यायची नाही, ताटलीत कितीही चांगली ठरली असली तरी.

पायरी ९ : रानातली छोटी चाचणी

पाच प्रकार, प्रत्येकी चार वेळा, म्हणजे वीस तुकडे. एक तुकडा म्हणजे सहा मीटर गादीवाफा, दोन ओळी, फुटावर एक गड्डा, साधारण चाळीस झाडं. सगळं मिळून दोन-अडीच गुंठ्यांत बसतं. पाच प्रकार असे : काहीच नाही, शिफारशीचं नोंदणीकृत औषध, नॅनो तांबं, तेवढंच तांबं मोरचुदातून, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. रान चार पट्ट्यांत वाटा, उतार असेल तर उताराच्या आडवे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात पाचही प्रकार चिठ्ठ्या टाकून लावा. माझ्या पहिल्या चाचणीत हे नीट असतं, तर तुंबलेला पाट सगळ्या प्रकारांना सारखा भोवला असता.

वापर कशातून? माझा कल बेणेप्रक्रियेकडे आहे. मातीत आळवणी केली की कण चिकणमातीला आणि सेंद्रिय द्रव्याला चिकटतात, आणि आठाच्या वर सामू असलेल्या आपल्या काळ्या जमिनीत तांबं तसंही लवकर अडकतं. गड्ड्याच्या सालीवर बसलेले कण निदान जिथे हवेत तिथे असतात. फवारणी पानावरच्या करप्यासाठी आणि ठिपक्यांसाठी वेगळी, ती कंदापर्यंत पोचत नाही.

मिसळण्याचा हिशोब : मूळ द्रावण २,००० पीपीएमचं असेल आणि दहा लिटर १०० पीपीएमचं हवं असेल, तर १०० गुणिले १०, भागिले २,०००, म्हणजे अर्धा लिटर मूळ द्रावण आणि साडेनऊ लिटर पाणी. बाटली आधी खूप हलवून घ्या. कोरडी भुकटी असेल तर वाऱ्यात उघडू नका, हे कण श्वासातून खोल फुप्फुसात जातात. एन-९५ मुखपट्टी, चष्मा, नायट्राईलचे हातमोजे, हे तिन्ही हवेत. उरलेलं द्रावण पाटात ओतायचं नाही, बंद डब्यात भरून संस्थेकडे परत द्यायचं.

ट्रायकोडर्मा आणि तांबं एकत्र कधीच नको. तांब्याला मित्र-शत्रू कळत नाही. ज्या तुकड्यात तांबं, तिथे ट्रायकोडर्मा द्यायचाच असेल तर किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

पावसाळा सुरू झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी रोगट झाडं मोजा आणि प्रत्येकाशेजारी रंगीत काडी रोवा, म्हणजे तेच झाड दोनदा मोजलं जात नाही. मोजणाऱ्याला कोणत्या तुकड्यात काय दिलंय ते सांगू नका. आम्ही घरी हे काम आत्येभावाला देतो. तो तुकड्याचा नंबर आणि आकडा, एवढंच लिहितो. कोणता नंबर कशाचा, ती चिठ्ठी माझ्या कपाटात असते.

आलं, मिरी, मिरची

आल्याला वरचं सगळं जसंच्या तसं लागू, फक्त पेल्यातली जिवाणूची परीक्षा न चुकता. मिरीच्या वेलीची मर फायटोफ्थोरामुळे येते, तोही पिथियमचाच भाऊबंद. कोकण-गोव्यात सुपारीवर चढवलेल्या मिरीला पाऊस सुरू होण्याआधी एक टक्का बोर्डो देतात, आणि नॅनो तांब्याची तुलना करायची तर त्याच्याशीच. बोर्डो करताना चकचकीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं आहे, अजून चुन्याची निवळी घाला. मिरचीच्या फळकुजीचा कोलेटोट्रायकम खरी बुरशी आहे आणि रोग उघड्यावर फळावर असतो, त्यामुळे तिथे फवारणीला अर्थ आहे. पण ती मिरची पुढे खाल्ली जाणार, तेव्हा फळावर धातू किती उरला ते तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पायरी १० : काढणी आणि नोंद

जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळला की वीसही तुकडे वेगवेगळे काढा. प्रत्येकाचे निरोगी कंद एका पाटीत, सडके दुसऱ्या पाटीत, दोन्हींचं वजन. निरोगी ढिगातून दहा हळकुंडं चिरून आतला रंग बघा, बाहेरून चांगली दिसणारीही कधी आतून लागलेली असतात. नॅनो तांब्याच्या आणि साध्या तुकड्यांतले कंद, शिवाय तिथली माती, तांब्याच्या तपासणीला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा.

वहीत पावसाचे दिवस, पाणी साचलं ते दिवस आणि जागा, बेणं कुठलं, सगळं लिहा. नॅनो तांबं आणि मोरचूद यांच्यात फरक दिसला नाही तर तेही तसंच लिहा, आणि ज्या केंद्राच्या देखरेखीखाली काम केलं त्यांना ती वही द्या. दुसऱ्या वर्षी त्याच मात्रांनी, पण दुसऱ्या रानात परत करा. एका पावसाळ्यावरून मी स्वतः कुणाला मात्रा सांगत नाही. चाचणीच्या रानातले गड्डे बेण्याला ठेवू नका, खड्ड्यात चुना घालून पुरा. आणि त्या अडीच गुंठ्यांत पुढच्या हंगामात ज्वारी किंवा मका घ्या.